मंचावर चढवलेला मार्गदर्शक

“जिसको कुर्सी से उतारना हो, उसको पहले मंच पर चढ़ाओ. ऊपर हवा अच्छी लगती है. आदमी पूछना भूल जाता है कि नीचे कुर्सी पर कौन बैठा.”

हे वाक्य माझं नाही. माझं असतं तर त्याच्या आधी मी दोन पानं प्रस्तावना केली असती. हे वाक्य टीव्हीवरच्या एका हिंदी मालिकेतल्या मंत्र्याचं. ऐंशीच्या दशकात नागपुरात टीव्ही नुकता रुळत होता, गच्च्यागच्च्यांवर अँटेना उगवल्या होत्या आणि ही मालिका आठवड्यातून एकदा लागायची. तिचं नाव आता आठवत नाही, गोष्टही धड आठवत नाही. मंत्री मात्र लख्ख आठवतो. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, कधी कुणावर ओरडणं नाही. शेंगदाणे सोलत बसायचा आणि टरफलं शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरीच्या तळहातावर ठेवायचा. असं सोलता सोलता त्याने सख्ख्या भावाला देशोधडीला लावलं आणि जावयाला तुरुंगात घातलं. दोन्ही वेळा शेंगदाणा खाणं थांबलं नाही.

तो प्रसंग असा होता. मंत्र्याचा एक जुना सोबती पक्षाचा अध्यक्ष होता आणि आता तो अडचणीचा झाला होता. पुतण्या तावातावाने म्हणतो, काका, त्याला उद्याच हाकलून देऊ. मंत्री शेंग फोडतो, दाणा तोंडात टाकतो आणि वरचं वाक्य म्हणतो. पुढच्याच भागात त्या सोबत्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली, गळ्यात न मावणारे हार पडले, आणि तो हत्तीवरून उतरेपर्यंत त्याच्या खुर्चीत पुतण्या बसला होता.

मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात माणूस कूलरसमोरून हलत नाही, पण आमच्या कूलरचा आवाज पिठाच्या चक्कीसारखा असल्यामुळे मालिकेच्या वेळी तो बंद करावा लागे. शेजारपाजारची पाच-सात मंडळी खाली सतरंजीवर, आम्ही पलंगावर, सगळे घामाने निथळत, आणि समोर तो मंत्री कोरडा ठणठणीत. वाक्य संपलं तेव्हा खोलीत कुणी पंखासुद्धा हलवला नाही. मी मात्र उठून उभा राहिलो. आयुष्यात मला जे काही म्हणायचं होतं ते कुणीतरी म्हणून टाकलंय असं मला वाटलं. मला नेमकं काय म्हणायचं होतं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ते वाक्य वापरायला काढलं. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. तिथे कुणाची बदली होताना निरोपाचा समारंभ झाला की मी शेजारच्याच्या कानात मऊ आवाजात ते म्हणायचो. कुणाला जादा जबाबदारीचं पत्र मिळालं, म्हण वाक्य. कुणाच्या मुलाला शाळेत मॉनिटर केलं, म्हण वाक्य. आपल्याकडे हरभऱ्याच्या झाडावर चढवतात तेच ना हे, असं एका सहकाऱ्याने म्हटलं तर मी त्याला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत फरक समजावून सांगितला. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते गंमत म्हणून किंवा काम काढून घ्यायला. इथे काम काढून घ्यायचं नाही, माणूसच काढायचा. त्याने मान डोलावली आणि पुढे माझ्याबरोबर डबा खाणं सोडलं.

घरी मी शेंगदाण्यांसकट सराव करत असे. एकदा मी टरफलं बायकोच्या तळहातावर ठेवून पाहिली. तिने ती शांतपणे माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाली की धुवायला टाकायच्या आधी खिसा झाडा. ती तशी कमी बोलणारी बाई. मला वाटायचं, हिच्यापर्यंत हे पोचतच नाही.

आता माझ्या खुर्चीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. आम्ही प्रताप नगरच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, राहत होतो. तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. अशाच एका प्लॉटवर गणपती बसायचा आणि मी त्या मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो. कार्यालयात माझं मत कुणी विचारत नसे. घरी विचारत, पण तोवर भाजी आणून झालेली असे. गणपतीच्या दिवसांत मात्र मी वेगळा माणूस व्हायचो. दरवर्षी मंडळाचं एक नाटक असे. ते मीच लिहायचो, मीच बसवायचो, मुख्य भूमिकाही मीच करायचो. सुरुवातीला माईकवरून नाटकाची ओळख करून द्यायचो आणि शेवटी लेखकाचे, दिग्दर्शकाचे आणि प्रमुख नटाचे आभार मानायचो. तिघेही मीच असल्यामुळे त्यात थोडा वेळ जायचा.

ही खुर्ची गेली तर आपल्यापाशी फक्त कार्यालय उरेल, हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. म्हणून ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही याची मी काळजी घ्यायचो. वीज खात्यातला एक तरुण इंजिनियर ले-आउटमध्ये राहायला आला होता. त्याला नाटकाचा नाद होता आणि दरवर्षी तो लाजत लाजत म्हणायचा की एक हलकंफुलकं नाटक आहे, वाचून दाखवू का. मी म्हणायचो, जरूर, पुढच्या वर्षी. आणि त्या वर्षी त्याला पहारेकऱ्याचं काम द्यायचो. पहारेकऱ्याला वाक्य नसे, पण भाला असे.

त्या वर्षीचं नाटक अर्थातच मंत्र्यावर लिहिलं. मंत्री मी. हाती शेंगदाण्यांची पुडी. ते वाक्य प्रत्येक अंकात यावं अशी मी रचना केली होती, आणि शेवटच्या अंकात तर सगळं नाटक त्याच्यावरच टेकलं होतं. ऐन वेळी पहिलं वाक्य म्हणून झाल्यावर पुढचं डोक्यातून साफ गेलं. मी पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं. विंगेतून काहीतरी कुजबुज आली, पण समोर कुणाचं तरी पोर रडत होतं. मी पुन्हा म्हटलं. मग मागच्या रांगांतून पोरांनी एका सुरात म्हटलं, “ऊपर हवा अच्छी लगती है.” मला भरून आलं. प्रेक्षकांचा असा सहभाग मी पूर्वी पाहिला नव्हता.

बायका झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून उठून गेल्या होत्या. मंडपवाल्याने तिसऱ्या अंकातच मागच्या खुर्च्या गोळा करायला घेतल्या होत्या. मी बायकोला त्या रात्री सांगितलं की नाटक फार आत गेलं, लोक सुन्न होऊन घरी गेले. ती म्हणाली की तुम्ही थकले असाल, झोपा आता.

गणपती विसर्जन झाल्यावर आठवडाभरात अध्यक्षांच्या घरी कार्यकारिणीची बैठक झाली. मला बोलावणं नव्हतं. मला वाटलं मांडववाल्याची कटकट असेल, त्यात कलावंताला कशाला ओढायचं असा त्यांनी विचार केला असेल. अध्यक्षांचं सीताबर्डीला स्टेशनरीचं दुकान होतं. माणूस वयाने मोठा, समजूतदार, कुणाला दुखवायचं नाही म्हणून गिऱ्हाइकाने परत आणलेलं पेन लिहून न पाहताच बदलून देणारा. दसऱ्याच्या थोडं आधी ते एका संध्याकाळी आमच्याकडे आले. बायकोने चहा ठेवला आणि ती लगेच आत निघून गेली, याकडे मी लक्ष दिलं नाही.

“सचिव साहेब,” ते म्हणाले, “मंडळ यंदा तुमचा सत्कार करून राहिलं. दसऱ्याले.”

मी रीतीप्रमाणे नाही म्हणालो. मी काय केलंय, मी तर साधा सेवक, वगैरे. ते खरंच मानतील की काय असं वाटलं म्हणून मी घाईने विचारलं की शाल कोणत्या रंगाची आणणार आहात. ते म्हणाले, तुम्ही सांगाल त्या. मी मोरपंखी सांगितली. मग त्यांनी जरा अवघडत विचारलं की मानपत्र कुणाकडून लिहून घ्यावं, ले-आउटात चांगलं मराठी तुमचंच. मी म्हटलं, चिंता करू नका.

माझं मानपत्र मी स्वतः लिहिलं. पुष्कळांना हे खोटं वाटेल, पण ज्यांनी छोट्या गावी किंवा मोठ्या गावच्या छोट्या वस्तीत सत्कार पाहिलेत त्यांना माहीत असेल की लिहिता येणाऱ्याचा सत्कार असला की दुसरा इलाज नसतो. मी ते तिसऱ्या पुरुषात लिहिलं, म्हणजे विनय सांभाळला. ‘रंगभूमीचा हा निष्ठावंत उपासक’ असं एका जागी होतं. ‘ज्यांच्या लेखणीने प्रताप नगरला आवाज दिला’ असंही होतं. बायकोला वाचून दाखवलं. तिने जरा कमी करा म्हटलं. मी म्हटलं, जेवढं आहे तेवढंच लिहिलंय.

आता या ठिकाणी वाचक विचारील की बाबा रे, दिवसरात्र ते वाक्य तोंडात असताना तुला काहीच वाटलं नाही? खरं सांगतो, नाही वाटलं. कार्यालयात मी शालीचा नुसता काठ पाहून सांगू शकत होतो की याचा गेम झाला. पण माझा सत्कार हा सत्कार होता. त्यात गेम असेल असं मनात येणं म्हणजे मानपत्रातला मजकूर खोटा आहे असं म्हणण्यासारखं झालं असतं, आणि तो तर मी स्वतः लिहिलेला.

दसऱ्याला संध्याकाळी सगळं ले-आउट मोकळ्या प्लॉटवर जमायचं, एकमेकांना आपट्याची पानं द्यायची, सोनं घ्या सोन्यासारखे राहा म्हणायचं, मग चिवडा आणि चहा. त्या वर्षी तिथे व्यासपीठ घातलं होतं. त्यावर लग्नात नवरदेवाला बसवतात ती लाल मखमलीची, उंच पाठीची खुर्ची ठेवली होती. मी सवयीने माईककडे निघालो. तेव्हा इंजिनियर पुढे झाला, माझ्या हातातून अलगद माईक घेतला आणि म्हणाला की आज तुम्ही फक्त वर बसायचं. इतकी वर्षं माईक मी कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी दिला, आणि वर हसून त्याच्या पाठीवर थापही मारली.

अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला. इंजिनियरने मानपत्र वाचलं. त्याचा आवाज चांगला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण पहारेकऱ्याला वाक्य नसतं. मग अध्यक्ष बोलले. म्हणाले की इतका मोठा माणूस आपण सतरंज्या आणि पडदे मोजायच्या कामाला जुंपून ठेवतो हे बरं नाही. आजपासून हे मंडळाचे कायमचे मार्गदर्शक. सचिवपदाचा भार तरुण खांद्यांवर देऊ या. टाळ्या पडल्या. माझ्या कोणत्याही नाटकाला तशा पडल्या नव्हत्या. आमच्यात दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. मला त्या दिवशी सीमेबाहेर नेऊन सोडलं आणि मी खुर्चीत बसून टाळ्या मोजत होतो.

इथवर ठीक होतं. पण सत्काराला उत्तर द्यायचं असतं. मी उठलो, शाल सावरली, आणि भाषण रंगवायला म्हणून मऊ आवाजात म्हणालो, “जिसको कुर्सी से उतारना हो, उसको पहले मंच पर चढ़ाओ.” या वेळी पुढचंही नीट आठवलं. पूर्ण म्हणालो, शेंग फोडल्याच्या अभिनयासकट. मग अख्खा प्लॉट असा हसला की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतरून पाहू लागला. अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघत होते. इंजिनियरने पाणी प्यायला घेतलं आणि त्याला ठसका लागला. मला वाटलं, आज आवाज लागला.

पुढचं वर्ष मी मार्गदर्शन केलं. ते कसं करतात हे कुणी सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी सूचना घेऊन गेलो तर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीत तुम्ही कशाला. होळीला गेलो तर म्हणाले, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या. कार्यालयात मी सगळ्यांना सांगितलं होतं. एकाने विचारलं की मार्गदर्शकाचं नक्की काम काय असतं. मी म्हटलं, काम असतं ते सचिवाला. तो म्हणाला, मग तुमची खुर्ची गेली का? मला त्याची कीव आली. माणसाला पदोन्नतीतलं काही कळत नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली की लोकांचं कशाला मनावर घेता.

श्रावण लागला. दरवर्षी प्लॉटशेजारच्या रिकाम्या खोलीत तालमी व्हायच्या. यंदा मला निरोप आला नाही. पोरं संकोचत असतील, असं मी धरलं आणि आपणहून गेलो. पोरांनी लगेच खुर्ची दिली, चहा मागवला, माझ्या जुन्या नाटकांबद्दल विचारलं. मी सांगत बसलो. तालीम मात्र सुरू होईना. आज नुसतं वाचन आहे काका, म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो तर पुन्हा चहा, पुन्हा माझ्या आठवणी, पुन्हा घरी. त्यानंतर एका संध्याकाळी गेलो तर खोलीला कुलूप.

परत निघालो तेव्हा इंजिनियरच्या घरावरून वाट होती. त्याच्या गच्चीवरून आवाज येत होते. वाक्य, मग उत्तर, मग हसू. पुन्हा वाक्य, पुन्हा हसू. मी फाटक उघडून जिन्यापर्यंत गेलो. चार पायऱ्या चढलो आणि थांबलो. वर पोरं हसत होती, कारण वाक्यं हसण्यासारखी होती. माझ्या तालमींत कुणी हसत नसे. मी हसू देत नसे. मग कुणीतरी विचारलं की मार्गदर्शक आज खोलीवर गेले असतील का, आणि दुसरा म्हणाला की गेले असतील तर बरंच, इथं तरी नाही येणार. वाईट स्वरात नाही म्हणाला. पाऊस आज नाही येणार, असं म्हणतात तसं म्हणाला.

तिथे, त्या जिन्यात, मला ते वाक्य समजलं. कितीतरी महिने मी ते लोकांना समजावून सांगत होतो. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतं रडू यायला लागलं. वर जाऊन चार शब्द सुनवावेत एवढंही धैर्य झालं नाही. मी पाऊल न वाजवता उतरलो.

घरी बायको सांबार निवडत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी दारातूनच सुरू केलं. फसवलं मला. गच्चीवर लपून तालमी करतात. मला मार्गदर्शक केलं ते बाजूला सारायला. तो अध्यक्ष वरून साधा दिसतो, पण मालिकेतल्या मंत्र्याच्या वरताण निघाला. इतकं डोकं त्या स्टेशनरीवाल्याला कुठून आलं, असं मी म्हणालो.

“भाऊजींचं नाही ते डोकं,” ती मान वर न करता म्हणाली. “माझं आहे.”

मला काही कळलं नाही. तिने जुडी खाली ठेवली आणि मग सगळं सांगितलं. मागच्या नाटकानंतरच्या त्या बैठकीत ठरलं होतं की सर्वसाधारण सभा बोलवायची आणि सचिव बदलायचा. इंजिनियरचा आग्रह होता की जे व्हायचं ते उघड व्हावं, सगळ्यांसमोर हात वर करून. त्याचं चूक म्हणता येणार नाही, इतकी वर्षं भाला धरून उभा होता बिचारा. अध्यक्षांच्या बायकोने हे हिला चक्कीवर सांगितलं. आणि ही, जी माझ्यामागे कधी कुणाच्या घरी एकटी गेली नव्हती, दळणाचा डबा तिथेच ठेवून अध्यक्षांकडे गेली.

“सगळ्यांसमोर हात वर करून काढणार होते तुम्हाले,” ती म्हणाली. “तुम्ही तिथंच बसून हात मोजले असते. मले नसतं पाहवलं ते. मी भाऊजींले म्हटलं, कुर्सीवरून उतरवायचं असन तर आधी मंचावर चढवा. शाल द्या, चार चांगले शब्द बोला. घरात रोज ऐकून राहिली होती, म्हटलं एकदा कामात तरी येऊ दे.”

रागात माझी पुस्तकी मराठी सुटते. “मले काहून नाही सांगतलं वं?”

“सांगणार होती. सत्काराच्या दिवशीच सांगणार होती. पण घरी आल्यावर तुम्ही शाल पांघरून आरशासमोर उभे होते. इतके खुश मी तुम्हाले आपल्या लग्नातही नव्हतं पाहिलं. मग राहून गेलं.”

मी म्हणालो की तू मला सगळ्या ले-आउटचं हसं केलंस. ती म्हणाली की हसं तुम्ही आधीच करून ठेवलं होतं, मी फक्त त्यावर शाल घातली. हे बोलताना तिचे डोळे भरले होते, म्हणून मी वाद तिथेच सोडला. पण मनात आणखी एक काटा होता आणि तो खरं तर जास्त टोचत होता. ते वाक्य मी आवाज लावून, शेंगदाणे सोलून, अख्खं नाटक लिहून म्हटलं होतं आणि त्याचा कुणावर काडीचा परिणाम झाला नव्हता. हिने ते हळूच एकदा वापरलं आणि माणूस उतरवून दाखवला.

मग काही दिवस मी अबोला धरला. अबोला धरायला समोरचा बोलका लागतो. ती आधीच कमी बोलणारी, तिला ते जाणवलं की नाही कोण जाणे. गणपती बसले. नाटकाचा दिवस आला. मी जाहीर केलं की मी येणार नाही, माझं डोकं दुखतंय. तिने साडी बदलली, हातात चटई घेतली आणि दारात उभी राहून म्हणाली, चला. मी म्हटलं, मला पुढच्या रांगेत मान्यवर म्हणून बसवतील आणि मला ते सोसणार नाही. ती म्हणाली, पुढे कोण चाललंय.

आम्ही अगदी मागे, कुंपणाच्या कडेला चटई टाकली. लहान पोरं असलेल्या बायका तिथे बसतात, कारण उठून जाणं सोपं असतं. इतक्या वर्षांत मी हा रंगमंच समोरून पाहिला नव्हता. तो किती लहान आहे हे तेव्हा दिसलं. मध्ये एक बांबू होता, आणि त्या बांबूच्या बरोबर मागे उभं राहून मी वर्षानुवर्षं मोठी स्वगतं म्हटली होती, म्हणजे निम्म्या लोकांना मी दिसलोच नसणार. इंजिनियरने बांबू तिरका करून घेतला होता. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

नाटक सुरू झालं. मी चुका शोधायला बसलो होतो आणि पहिली काही मिनिटं त्या सापडल्याही. मग सापडेनात. मग माझ्या बाजूने एक आवाज आला. बायको हसत होती. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग चक्क माझ्या गुडघ्यावर थाप मारून. शेजारची बाई हिला पाहून हसायला लागली. मी रंगमंच सोडून हिच्याकडेच पाहत राहिलो. मला ही बाई ओळखीची वाटेना.

नाटक चांगलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मध्यंतरात मी दोघांना चहा आणला. ती डोळे पुसत होती, अजून थोडं थोडं हसू येतच होतं. मी फुंकर मारत मारत, सहज विचारतोय असं दाखवून विचारलं की हे बरं आहे की माझी बरी असायची. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. मनातून मला तेच हवं होतं.

तिने कप चटईवर ठेवला.

“मले काय माहीत,” ती म्हणाली. “मी तुमचं एकबी नाटक पाहिलं नाही. तुम्ही वर आले की मले वाटे आता वाक्य विसरता, आता विसरता. पडदा पडेपर्यंत मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत राहायची.”